फिलरनंतर चेहऱ्यावर गाठ आली, तर औषधाआधी काय पाहावे

गाल, ओठ किंवा डोळ्यांखालचा खड्डा भरून काढण्यासाठी फिलरचे इंजेक्शन घेतल्यावर काही दिवसांनी बोटाला एखादी गाठ लागते, तेव्हा बहुतेकांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ‘आता कोणती गोळी घ्यावी’ हा. पण फिलरनंतरची गाठ म्हणजे एकच एक आजार नव्हे. साधी सूज, चुकीच्या थरात बसलेले जेल, साकळलेले रक्त, जंतुसंसर्ग, बाहेरच्या वस्तूवर शरीराने दाखवलेली प्रतिक्रिया आणि क्वचित तुंबलेली रक्तवाहिनी, या सगळ्या गोष्टी सुरुवातीला हाताला जवळजवळ सारख्याच लागतात, आणि त्यांतल्या एकीवर जे औषध गुणकारी ठरते तेच दुसरीत नुकसान करते. म्हणून येथे औषधांच्या नावांपेक्षा ती कोणत्या क्रमाने द्यायची याला अधिक महत्त्व आहे, आणि हा लेख मुख्यतः त्या क्रमाविषयी आहे.

नागपुरात धरमपेठ, रामदासपेठ, धंतोली या भागांत त्वचेचे आणि सौंदर्योपचारांचे दवाखाने आता सहज दिसतात. तुळशीचे लग्न लागून मुहूर्त सुरू झाले, की वधू-वरांपासून त्यांच्या आयांपर्यंत अनेक जण कार्याच्या अगदी तोंडावर असे उपचार करून घेतात. त्यामुळे गाठ दिसली की ती बसायला लागणारा वेळ हाताशी उरत नाही आणि ‘चार दिवसांत उतरेल असे काहीतरी द्या’ असा आग्रह सुरू होतो. पुढे जे बिघडते त्याचे मूळ पुष्कळदा या घाईत असते.

आत काय टोचलेले असते

आज वापरले जाणारे बहुतेक फिलर हायल्युरोनिक ॲसिडचे असतात. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत मुळातच असतो. १९३४ मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी तो प्रथम गाईच्या डोळ्यातील काचेसारख्या द्रवातून वेगळा काढला. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात तो सुमारे १५ ग्रॅम असतो आणि त्याचा जवळपास एक तृतीयांश भाग रोज मोडून नव्याने तयार होतो. इतक्या झपाट्याने मोडणारी वस्तू गालात कित्येक महिने टिकावी म्हणून कारखान्यात तिच्या लांब साखळ्या एकमेकींना रासायनिक दुव्यांनी बांधल्या जातात आणि त्यातून घट्ट जेल तयार होते. पूर्वी हा पदार्थ कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत असत. आता तो बहुतेक जिवाणूंच्या मदतीने किण्वनातून तयार करतात, हे शाकाहारी वाचकांसाठी सांगून ठेवतो.

उपचारांच्या दृष्टीने या फिलरचा सर्वांत मोठा गुण असा, की तो विरघळवता येतो. हायल्युरोनिडेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, त्याच्या साखळ्या तोडते. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइट किंवा पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड यांच्या फिलरवर मात्र या विकराचा काही परिणाम होत नाही. ते शरीर हळूहळू शोषून घेते तोवर थांबावे लागते. सिलिकॉन किंवा पीएमएमए (एक प्रकारचे प्लास्टिक) यांसारखे कायमस्वरूपी पदार्थ तर शोषलेही जात नाहीत. विरघळवता न येणारी वस्तू शरीरात टोचण्याचे परिणाम वैद्यकाला जुनेच माहीत आहेत. १८९९ मध्ये व्हिएन्नातील शल्यचिकित्सक रॉबर्ट गेर्सुनी यांनी पॅराफिनसारखा पदार्थ टोचून भरणी करण्याची पद्धत आणली; ती लोकप्रिय झाली आणि नंतर त्या जागी कठीण गाठी धरू लागल्या, तेव्हा सोडून द्यावी लागली.

म्हणून गाठ घेऊन कोणत्याही डॉक्टरकडे जाताना, आत नेमके काय टोचले आहे, हे सांगता आले पाहिजे. फिलरच्या खोक्यात उत्पादनाचे नाव आणि लॉट क्रमांक असलेली चिकटपट्टी असते. ती आपल्या कागदावर लावून मागणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि जो दवाखाना ती देण्यास कां-कू करतो तेथे इंजेक्शन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी रक्तवाहिनी

गाठ, सूज किंवा दुखणे काहीही असो, पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत आधी एकच गोष्ट वगळायची असते, ती म्हणजे रक्तपुरवठा अडलेला नाही ना. जेल चुकून धमनीत गेले किंवा बाहेरून तिच्यावर दाबले गेले, तर त्या धमनीवर पोसली जाणारी त्वचा उपाशी राहते. इंजेक्शनच्या मानाने फार जास्त आणि वाढत जाणारी वेदना, त्वचा पांढरीफटक पडणे, नंतर तिच्यावर जाळीसारखे निळसर-जांभळे पट्टे उमटणे आणि ती जागा गार लागणे ही त्याची लक्षणे आहेत. वेदना नसली म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण पुष्कळ फिलरमध्ये बधिर करणारे लिग्नोकेन मिसळलेले असते आणि सुरुवातीची कळ त्यात झाकली जाते. बोटाने त्वचा दाबून सोडली की एरवी दोन-तीन सेकंदांत परत लाली येते. एका बाजूला ती यायला दुसऱ्या बाजूपेक्षा स्पष्टपणे जास्त वेळ लागत असेल, तर त्याच क्षणी इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरांना गाठावे.

येथे एक फसगत नेहमी होते. रक्तपुरवठा अडलेल्या त्वचेवर दोन-तीन दिवसांनी बारीक पिवळट-पांढरे फोड येतात, आणि ते पाहून ‘पुटकुळ्या आल्या, इन्फेक्शन झाले’ किंवा ‘नागीण उठली’ असे समजून प्रतिजैविक अथवा विषाणूविरोधी मलम सुरू होते. फोड येण्याआधी त्वचा पांढरी किंवा जाळीदार निळी झाली होती का, एवढा एक प्रश्न विचारला तरी ही चूक टळते. उपचार संसर्गाच्या उपचारांहून अगदी वेगळा असतो: हायल्युरोनिक ॲसिडचे फिलर असेल तर बाधित भागात हायल्युरोनिडेज शेकडो युनिटांच्या मात्रेत भरतात, दर तासाला रक्तपुरवठा तपासतात आणि तो सुधारेपर्यंत मात्रा पुन्हा देतात. इंजेक्शन सुरू असताना किंवा लगेच नंतर दिसेनासे झाले, डोळ्यात तीव्र कळ आली किंवा पापणी पडली, तर डोळ्याच्या पडद्यापर्यंत अडथळा पोहोचला असण्याची शक्यता असते. पडदा रक्ताशिवाय साधारण तासा-दीड तासापलीकडे तग धरत नाही, त्यामुळे त्या वेळी फोनाफोनीत न अडकता नेत्रविभाग असलेल्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठावी. नागपूरकरांच्या तोंडी ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ म्हणून असलेली दोन्ही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये तसेच मिहानमधील एम्स यासाठी डोळ्यांसमोर ठेवावीत.

पहिल्या पंधरवड्यातल्या गाठी

रक्तपुरवठा ठीक आहे एवढे कळल्यावर बाकीच्या बहुतेक सुरुवातीच्या गाठी घाबरण्यासारख्या नसतात. सुई टोचल्याची सूज पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते, ओठांवर तर विशेष, आणि ती आठवडा-दोन आठवड्यांत बसते. निळसर-हिरवट डागासह असलेली मऊ गाठ बहुधा साकळलेल्या रक्ताची असते. गुळगुळीत, न दुखणारी, त्वचेच्या रंगाची आणि पहिल्या दिवसापासून तशीच असलेली गाठ सहसा एका जागी जास्त साठलेल्या किंवा फार वरच्या थरात बसलेल्या जेलची असते. डोळ्यांखालच्या पातळ कातडीत वर बसलेले जेल निळसर छटा दाखवते, आणि कित्येक जण ते काळे वर्तुळ समजून त्यावर पुन्हा फिलर घेतात. ओठांत सततच्या हालचालीने जेल एका जागी गोळा होण्याची शक्यता जास्त असते.

अशा गाठींना दोन आठवडे देणे हाच पुष्कळदा उपचार असतो. डॉक्टरांनी सांगितले असेल तरच हलका मसाज करावा. पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडनंतर दिवसातून पाच वेळा, पाच मिनिटे, पाच दिवस मसाज करण्याचा नियम सांगतात, पण तो त्या एका पदार्थापुरता आहे, तो उचलून प्रत्येक फिलरला लावू नये. दोन आठवड्यांनंतरही गाठ खटकत असेल तर हायल्युरोनिडेजच्या थोड्या मात्रेने ती विरघळवता येते. परिणाम काही तासांत दिसू लागतो आणि एक-दोन दिवसांत त्याचा पूर्ण अंदाज येतो. आपल्या शरीरातील मूळ हायल्युरोनिक ॲसिडही त्यात विरघळेल, अशी भीती अनेकांना वाटते. काही प्रमाणात ते खरे आहे, पण शरीर ते रोजच नव्याने घडवत असते, त्यामुळे ती उणीव भरून निघते.

या विकराची ॲलर्जी मात्र गांभीर्याने घ्यावी लागते. ते बहुतेक गुरांपासून किंवा मेंढ्यांपासून मिळवलेले असते, आणि मधमाशी व गांधीलमाशी यांच्या विषातही हायल्युरोनिडेज असते. विदर्भात रानात, शेतात किंवा जुन्या इमारतीत आग्या मोहोळ उठल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. असा डंख होऊन ज्याच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा शुद्ध हरपली, त्याने ही गोष्ट न विचारताही डॉक्टरांना सांगावी. नेहमीच्या गाठीसाठी आधी कातडीत थोडे औषध टोचून चाचणी घेता येते. रक्तपुरवठा अडलेला असेल तर चाचणीसाठी थांबत नाहीत, पण तीव्र ॲलर्जीवरचे ॲड्रेनालिन हाताशी ठेवतात.

संसर्ग कसा ओळखायचा

सुईने त्वचेला भोक पडते आणि त्वचेवर जिवाणू कायम असतात, एवढ्यावरून फिलरनंतर कधीकधी संसर्ग का होतो हे कळते. पहिल्या काही दिवसांत होणारा संसर्ग सहसा स्टॅफिलोकॉकस किंवा स्ट्रेप्टोकॉकस या जिवाणूंचा असतो आणि तो लपून राहत नाही: जागा लाल होते, हाताला गरम लागते, ठणका सुरू होतो, सूज ओसरण्याऐवजी रोज वाढते आणि काही वेळा ताप येतो. सूज आणि संसर्ग यांतला फरक बहुधा त्यांच्या दिशेवरून कळतो. तिसऱ्या दिवशी जे होते त्यापेक्षा पाचव्या दिवशी जास्त असेल, तर ती साधी सूज मानून वाट पाहू नये. आत पू झाला असेल तर गाठ दाबल्यावर पाण्याची पिशवी हलल्यासारखी लागते, आणि तेव्हा केवळ गोळ्यांनी भागत नाही. छोटी चीर देऊन पूचा निचरा करावा लागतो आणि तो पू तपासणीला पाठवावा लागतो. पसरलेल्या लालीवर ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडसारखे प्रतिजैविक देतात, पण कोणते आणि किती दिवस हे रुग्णाची साखर, ॲलर्जी, गरोदरपण आणि संसर्गाची जागा पाहून ठरते, त्यामुळे हे नाव दुकानात जाऊन सांगण्यासाठी नाही. थंडी वाजून ताप, डोळ्याभोवती वाढती सूज, दुहेरी दिसणे किंवा तीव्र डोकेदुखी यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण चेहऱ्याच्या शिरांचा संबंध कवटीच्या आतील शिरांशी असतो.

आता खरी गुंतागुंत. काही गाठी महिना, चार महिने किंवा वर्ष उलटल्यावर येतात. इंजेक्शन विसरले गेलेले असते, आणि एक दिवस गालावर कठीण, किंचित दुखरी, कधी लालसर गाठ दिसते. तिच्यामागे पुष्कळदा बायोफिल्म असतो असे मानले जाते. उन्हाळ्यात कूलरची टाकी बरेच दिवस न घासता तशीच ठेवली, की तिच्या आतल्या अंगाला जो बुळबुळीत थर धरतो तो जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला असाच थर असतो. पाणी बदलले तरी तो जात नाही. फिलरच्या पृष्ठभागावर त्वचेवरचे नेहमीचे, एरवी निरुपद्रवी जिवाणू असाच चिकट थर तयार करतात आणि त्यात सुस्त अवस्थेत राहतात. त्या थरात प्रतिजैविक नीट पोहोचत नाही आणि शरीराच्या संरक्षक पेशीही पोहोचत नाहीत. साध्या तपासणीत जिवाणू उगवत नाहीत म्हणून अहवाल ‘काही नाही’ असा येतो. पाच दिवसांच्या गोळ्यांनी गाठ बसते आणि गोळ्या संपल्या की पुन्हा येते. हे चक्र दिसले तर डोस वाढवून काम होत नाही. जिवाणूंचे घर, म्हणजे ते जेल, काढावे लागते.

हायल्युरोनिक ॲसिडचे फिलर असेल तर ते विरघळवणे शक्य असते, पण येथेही क्रम महत्त्वाचा आहे. लाल, गरम, पसरत्या संसर्गात आधी हायल्युरोनिडेज टोचले तर ते ऊतींमधली वाट मोकळी करते आणि संसर्गही पसरू शकतो. म्हणून प्रतिजैविक सुरू करून, त्याच्या आवरणाखाली विकर दिले जाते. अशा उशिरा आलेल्या गाठींसाठी क्लॅरिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधे, कधी मॉक्सिफ्लॉक्सासिनसारख्या फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधाच्या जोडीने, काही आठवडे देण्याची पद्धत जगभरच्या मार्गदर्शनांत आढळते.

त्या जोडीतील दुसऱ्या औषधाकडे भारतात मात्र सावधपणे पाहावे लागते. फ्लुरोक्विनोलोन क्षयाच्या जंतूंवरही काम करते, आणि क्षय सामान्य असलेल्या आपल्या देशात ते निदानाआधी दिले तर आजार काही काळ दबतो आणि तपासणीत सापडत नाही. शिवाय फिलरनंतर येणाऱ्या हट्टी गाठींमध्ये क्षयाचे चुलतभाऊ म्हणावेत असे मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस आणि मायकोबॅक्टेरियम चेलोनी हे जंतू आढळतात. ते पाण्यात आणि मातीत असतात, निर्जंतुक न केलेल्या पाण्यातून त्वचेत शिरू शकतात, नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाहीत आणि क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांनीही जात नाहीत. त्यांच्यासाठी निवडक औषधांची जोडी महिनोन्‌महिने घ्यावी लागते. म्हणून उशिरा आलेल्या गाठीत शक्यतो पहिल्या गोळीआधी नमुना घ्यावा: वरच्या कातडीवर कापूस फिरवून नव्हे, तर गाठीतून सुईने ओढलेला द्रव किंवा लहानसा तुकडा. त्याची साधी जिवाणू-तपासणी, क्षयवर्गीय जंतूंसाठी वेगळा रंग आणि वेगळे संवर्धन, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींची पाहणी, अशी मागणी कागदावर स्पष्ट लिहिलेली असावी, कारण क्षयवर्गीय जंतूंचे संवर्धन मागितल्याशिवाय होत नाही आणि त्याला काही आठवडे लागू शकतात. वैद्यकीय महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत ही कामे होतात, आणि त्वचेचे खासगी डॉक्टर नमुना तेथे पाठवू शकतात. गाठ नेमकी कोणत्या थरात आहे, ती जेलची आहे की पूची, हे पाहायला उच्च वारंवारतेची सोनोग्राफी फार उपयोगी पडते.

स्टेरॉइडचा मोह

स्टेरॉइडने जवळजवळ कोणतीही सूज उतरते, आणि तेथेच त्याचा धोका आहे. संसर्गाच्या गाठीवर ते दिले तर दोन दिवस चेहरा छान दिसतो, कार्य पार पडते, आणि आतले जिवाणू मात्र अडवणारे कोणी नसल्याने फोफावतात. साखर नियंत्रणात नसलेल्या माणसाला हे आणखी महागात पडते. २०२१ च्या दुसऱ्या कोविड लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे जे रुग्ण नागपूरने पाहिले, त्यांच्यात अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड ही जोडी वारंवार दिसली होती. फिलरची गाठ हा त्यामानाने लहान प्रसंग आहे, पण शरीराचा नियम तोच आहे. म्हणून संसर्ग वगळल्याशिवाय किंवा प्रतिजैविकाचे आवरण दिल्याशिवाय स्टेरॉइड घेऊ नये, आणि औषधांच्या दुकानात ‘सूज उतरायची’ म्हणून सुटी मिळणारी छोटी पांढरी गोळी तर मुळीच घेऊ नये.

तरीही काही गाठींत स्टेरॉइड योग्य औषध असते. ताप-सर्दी, कोविड, लसीकरण किंवा दाताचे काम झाल्यावर काही दिवसांनी फिलर भरलेल्या सगळ्या जागा एकदम मऊसर फुगतात, दोन्ही गाल सारखे सुजतात आणि सूज कमी-जास्त होत राहते. ही प्रतिकारशक्तीची उशिरा उठलेली प्रतिक्रिया असते. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत मॉडर्नाच्या कोविड लशीची कागदपत्रे तपासली जात असताना, फिलर घेतलेल्या काही स्वयंसेवकांचा चेहरा लशीनंतर सुजल्याचे नोंदले गेले होते. ती सूज उपचाराने उतरली. त्यातून लस टाळावी असा अर्थ काढू नये. सर्वसाधारणपणे सगळ्या जागा एकाच वेळी सुजल्या तर प्रतिकारशक्तीकडे आणि एकच जागा धरली तर संसर्गाकडे संशय जातो. हा निकष अंतिम नव्हे, पण पहिल्या दिवशी विचाराला दिशा देतो. अशी सूज पुष्कळदा आपोआप उतरते. नाही उतरली तर पोटातून थोडे दिवस स्टेरॉइड किंवा हायल्युरोनिडेज देतात.

महिने-वर्षांनी येणारी, दगडासारखी कठीण, फारशी न दुखणारी गाठ ग्रॅन्युलोमा असू शकते, म्हणजे न हटवता आलेल्या वस्तूभोवती पेशींनी उभारलेली भिंत. तिचे निदान तुकडा तपासून पक्के होते. उपचारात गाठीतच ट्रायॲमसिनोलोन या स्टेरॉइडची थोडी थोडी मात्रा, कधी पेशींची वाढ रोखणाऱ्या ५-फ्लुरोयुरासिलच्या जोडीने, काही आठवड्यांच्या अंतराने टोचतात. मात्रा जास्त झाली तर तेथे कातडी खचून खळगा पडतो, म्हणून हे काम सावकाशीचेच आहे. कापून काढणे हा शेवटचा मार्ग, कारण गाठ गेली तरी चेहऱ्यावर व्रण राहतो.

घरी काय करू नये

गाठ पिळू नये, पार्लरमध्ये जाऊन चोळून घेऊ नये, गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नये आणि तिच्यावर हळद-चुना थापू नये. लेपाने लाली झाकली जाते आणि डॉक्टरांना खरी त्वचा दिसत नाही. थंड पट्टी ठेवायची असेल तर बर्फ थेट न लावता बंद पिशवीत घालून, वर स्वच्छ कापड गुंडाळून ठेवावा. सुईच्या जागा बुजेपर्यंत, म्हणजे निदान पहिला दिवसभर, मेकअप नको. नागपुरात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना दुचाकीवर तोंडाला घट्ट स्कार्फ बांधून निघण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि ताज्या टोचण्यांवर घामाने भिजलेला, आदल्या दिवशीचाच स्कार्फ दिवसभर घासत राहणे किंवा नव्याने भरलेल्या नाकावर गॉगल आणि हेल्मेट दाबून बसणे दोन्ही वाईट. वैशाखात फिलर घेणारच असाल तर पहिले दोन-तीन दिवस घराबाहेर पडण्याचे काम ठेवू नये. रंगपंचमीच्या आसपास तर तो विचारच सोडावा.

दाताला गळू असताना, सायनस भरलेले असताना किंवा चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या असताना फिलर घेऊ नये, आणि फिलरनंतर दातांची ठरवून करायची कामे दोनेक आठवडे पुढे ढकलावीत, कारण रक्तात उतरलेले जिवाणू जेलवर जाऊन बसू शकतात. ओठांवर पूर्वी हर्पीसचे फोड (‘जर’) उठलेले असतील तर सांगावे. प्रतिबंधक गोळी आधीच सुरू करता येते. आणि बाजारात मिळणाऱ्या, सुईविना दाबाने फिलर आत ढकलणाऱ्या तथाकथित पेनपासून लांब राहावे. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला आहे.

डॉक्टर निवडताना त्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का आणि शिक्षण त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरीचे आहे का हे पाहावे. त्याहून नेमका प्रश्न असा: ‘हायल्युरोनिडेज आत्ता या दवाखान्यात आहे का?’ भारतात ते १५०० युनिटांच्या कुपीत भुकटीच्या रूपात मिळते आणि डोळ्यांच्या शस्त्रक्रियांतही वापरले जाते, त्यामुळे ते मिळवणे अवघड नाही. ‘लागले तर मागवू’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण ज्या वेळी ते खरोखर लागते त्या वेळी मागवण्याइतका अवधी नसतो.

गाठ आल्यावर पहिल्या डॉक्टरांकडेच जावे की दुसऱ्यांकडे, हा संकोच अनेकांना असतो. पहिल्यांकडे आधी जावे, कारण काय, किती आणि कोणत्या थरात टोचले याची नोंद त्यांच्याकडे असते. पण ती नोंद लेखी मागून घ्यावी, आणि आठवडाभरात स्पष्ट कारण सांगितले गेले नाही, किंवा तपासणीशिवाय प्रतिजैविके बदलत राहिली, तर दुसरे मत घ्यावे. रोज एकाच उजेडात, एकाच कोनातून फोटो काढून ठेवल्यास गाठ वाढते आहे की बसते आहे हे कोणत्याही नव्या डॉक्टरांना लगेच कळते. संसर्ग होऊन बरा झालेल्या जागी पुन्हा फिलर भरण्याची घाई करू नये. औषधे थांबवल्यानंतर काही महिने ती जागा शांत राहिली तरच त्याचा विचार करावा, आणि माझ्या मते तेव्हाही कायमस्वरूपी पदार्थ तर नकोच.

फिलर वैद्यकीय उपकरणांत मोडते, आणि उपकरणांमुळे झालेल्या त्रासाची नोंद घेण्यासाठी २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालतो. गाझियाबाद येथील इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून त्याचा समन्वय होतो. तक्रारीचा नमुना डॉक्टरांनीच भरावा असे बंधन नाही, रुग्णही तो भरू शकतो, आणि त्यात सर्वांत आधी लागते ते खोक्यावरच्या त्या चिकटपट्टीवरचे उत्पादनाचे नाव आणि लॉट क्रमांक.